अळणी वैराग्य

महाराष्ट्र राज्य नवं नवं होतं, तेव्हाची गोष्ट. हिवाळ्यात मी वरवट बकालजवळच्या एका खेड्यात, मारुतीच्या देवळात, हौसेनं फुकट पोथी सांगायला राहिलो. जेवण रोज एकेका घरी, पाळीनं. वय बावीस आणि वैराग्य नको तेवढं. चौथ्याच दिवशी मी जिभेच्या चोचल्यांवर तासभर तोंडसुख घेतलं. खऱ्या भक्ताला म्हणे मीठ-तिखट कळतच नाही! बाया माना डोलवत होत्या. मी खूश.

दुसऱ्या दिवशी ताटात अळणी वरण आणि भाकरी. तिसऱ्या दिवशी, दुसऱ्या घरी, तेच. आत चुलीपाशी मात्र मिरच्या भाजल्याचा ठसका उठायचा. चिडणार तरी कोणावर? बोललो मीच होतो.

आठ दिवस कसेबसे काढले. मग एका संध्याकाळी पोथी बाजूला ठेवून मी शबरीची गोष्ट घेतली आणि ठासून सांगितलं, की चव देवालाही कळते.

पुढं बसलेली म्हातारी शेजारणीला म्हणाली, "याले आठ दिस लागले वो माय! मांगच्या महाराजानं तं तिसऱ्याच दिवशी ठेचा मांगला होता."