आतल्या खोलीची भिंत

आमचं गाव बालाघाटकडे, परसवाड्याच्या वाटेवर, जंगलाला लागून. एकोणीसशे साठच्या सुमारास हिवताप तिथं घरच्यासारखा येऊन-जाऊन असायचा. हुडहुडी भरली की घोंगडी घ्यायची, ताप उतरला की धान निंदायला जायचं. मग सरकारी फवारणीवाले आले आणि त्यांनी आमच्या तिन्ही खोल्यांच्या भिंतींवर औषध मारलं. उग्र वास सुटला, मातीच्या भिंतींवर पांढरे ओघळ उठले. जाताना त्यांच्यातला एकजण हुकूम सोडून गेला, "बाई, दीवार पोतना मत." का, ते सांगितलं नाही. सांगायला त्याची जीभ झिजणार होती का? त्या माणसाचा मला आजही राग येतो.

त्याच आठवड्यात माझी मोठी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. तिला गोंदियाकडे दिलं होतं, सातवा लागला होता. मायनं तिच्यासाठी आतली खोली ठरवली आणि भिंतींकडे पाहून तोंड वाकडं केलं.

"असल्या घाणीत पोरगी बाळंत करू का मी? जा, माती घेऊन ये."

मी अकरा वर्षांची. "ते तर नको म्हणून गेले ना?"

"त्यायच्या बायका बाळंत होऊन राह्यल्या का इथं?"

मी हसले आणि टोपलं घेऊन नाल्यावर पळाले. दोन दिवस खपून आम्ही मायलेकींनी शेणमातीनं त्या भिंती पोतारल्या, वरून छुईच्या पांढऱ्या मातीचा हात दिला. खोली अशी उजळली की शेजारणी पाहायला आल्या. ताई आली, तिनं भिंतीला गाल टेकवला. "किती थंड हाय वं माय," म्हणाली.

पावसाळा सरता सरता तिला ताप सुरू झाला. दिवसाआड, भर दुपारी, दात वाजायचे. तापाची नोंद करत फिरणाऱ्या माणसानं तिचं बोट टोचून काचेवर रक्त घेतलं, ते तपासायला बालाघाटला पाठवलं. चार गोळ्या दिल्या, त्या तिनं ओकून टाकल्या. आठव्या महिन्यात ताई गेली, पोटातल्या जिवासकट, त्याच खोलीत.

तेरावं झाल्यावर बालाघाटहून रक्ताचा निकाल आला, तेव्हा तो माणूस तिच्या पुढच्या गोळ्या घेऊन आला. मी ओसरीवर एकटीच होते, माय चुलीपाशी. ती गेली, एवढंच मी सांगितलं. तो आतल्या खोलीत डोकावला. "ये दीवार पोती थी क्या?" मी मान डोलावली. तेव्हा त्यानं सांगितलं. माणसाला चावून जड झालेला डास भिंतीवर बसतो आणि औषधानं मरतो. औषधावर माती चढली की तो नुसता बसतो आणि पुन्हा उडतो.

"काय म्हणत होता थो?" मायनं आतून विचारलं.

"काही नाही. गोळ्या वापस घेऊन गेला."

हे तिला मरेपर्यंत कळू द्यायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

पुढच्या वर्षी फवारणीवाले आले तेव्हा भिंती घाण होतात म्हणून गावातल्या बाया दार लावून बसल्या. मायनं मात्र स्वतः घरातलं सामान बाहेर काढलं आणि आतल्या खोलीची भिंत औषधानं पूर्ण भिजेपर्यंत ती तिथून हलली नाही. दिवाळीला मी माती भिजवली, तर टोपलं तिनं माझ्या हातातून काढून घेतलं.

"त्या खोलीले हात नको लावू."

काहून, ते मी विचारलं नाही. त्यानंतर दरवर्षी सगळं घर पोतारलं जायचं, तेवढी खोली सोडून. कधी दुपारी माय तिथं भिंतीला गाल टेकवून बसलेली असायची. मी दारातूनच परत फिरायचे.