पाच चौकटींत न मावलेलं उत्तर

लिंबायत भागातले लूमवाले, म्हणजे यंत्रमागांचे कारखानदार, धंद्याचे डावपेच कसे आखतात, हा माझ्या पीएचडीचा विषय होता आणि मार्गदर्शक सरांचा हट्ट होता प्रश्नावलीचा. ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंत पाच चौकटी, त्यात टिक. एका कारखानदाराला ती दिली, तर तो म्हणाला, "तूच टिक मारी दे ना भाऊ, चांगलं दिसेल तिथं." मग साडी विणणं सोडून दुपट्टा का धरला, ते त्यानं चहा पिता पिता सगळं सांगितलं. मला अशा मुलाखतीच घ्यायच्या होत्या.

"गप्पा म्हणजे संशोधन नव्हे," सर म्हणायचे. माझं डोकं फिरायचं. माणसांना चौकटीत कोंबायचं आणि वर त्याला शास्त्र म्हणायचं!

शेवटी संशोधनाला मंजुरी देणाऱ्या समितीसमोर मी सरांनाच विचारलं, "आपल्या विभागाचं धोरण स्पष्ट आहे. सहमत की असहमत?"

"असं एका शब्दात कसं सांगणार? त्यामागे बरंच काही आहे," म्हणत सर जे सुरू झाले, ते थांबेचनात.

"सर, ही माझी पहिली मुलाखत," मी म्हणालो.

समिती खो खो हसली, मागून सरही हसले, आणि मुलाखतींना मंजुरी मिळाली. मी तडक लिंबायतची रिक्षा पकडली. प्रश्नावली मात्र तिथंच टेबलावर ठेवली.