सूर्याची कंबर पुढे धावते

तुळशीदासबुवांना जन्मात एकच गोष्ट जमली नाही, ती म्हणजे गप्प बसणं. कीर्तनात त्यांच्या मागे मृदंग मी वाजवायचो, त्यामुळे या खोडीचे चटके मलाही बसले.

गिरगावातल्या आमच्या देवळात रथसप्तमीचं कीर्तन वडिलांपासून त्यांच्याच घराण्याकडे होतं. त्या मानाचा बुवांना भारी अभिमान. आणि त्याच मानावर त्यांनी पाणी सोडलं, अठराशे चौऱ्याण्णव सालच्या माघात.

मूळ एका कवडशात होतं. सभामंडपाच्या उंच छपराला सुईने टोचावं एवढं भोक होतं. दुपारी त्यातून सूर्य फरशीवर उतरे, पुरीएवढा गोल. बुवा तिथे उपरणं पसरून बसत. पौषात त्या गोलावर मोहरीएवढा डाग दिसला. आधी आम्ही उपरणंच झटकलं. डाग जाईना. रोज तो थोडा सरके. मग एका कडेला बुडाला आणि पुढल्या पंधरवड्यात दुसऱ्या कडेने परत आला. बुवा म्हणाले, सूर्य स्वतःभोवती फिरतोय.

त्यांचा पुतण्या रघुवीर कॉलेजात होता. त्याने इंग्रजी पुस्तक वाचून अर्थ सांगितला. सूर्य फिरतो खरा, पण कमरेशी लवकर आणि डोक्यापायांशी रेंगाळत, कारण तो धोंड्यासारखा घट्ट नाही. आपल्याला दिसते ती नुसती तापलेली साल. ग्रहणात तिच्यावरची तांबडी झालर दिसते, तिच्याही वर पांढरी प्रभा. सालीखाली, पार गर्भात काय आहे, याचे विद्वान नुसते तर्क करतात. बुवा लहान पोरासारखे हरखले.

रथसप्तमीच्या पूर्वरंगात त्यांनी डागाची गोष्ट काढली आणि मंडपात चुळबुळ सुरू झाली. आमच्याकडे रीत अशी की मध्यंतरात यजमानाने बुवांना हार घालून पाया पडायचं, मग आख्यान. एकदा हार गळ्यात पडला की बुवा नारदाच्या गादीवर. आरतीपर्यंत त्यांना कुणी अडवायचं नाही. यजमान होते देवळाचे मुख्य पंच गंगाधरपंत. हार घालताना ते बुवांच्या कानाशी लागले. मी शेजारीच, सगळं ऐकलं. सणाच्या दिवशी देवाला डाग लावता, त्याचा रथ नि सारथी काढून घेता, लोक चिडलेत, म्हणाले. तोडही त्यांनीच काढली. विश्वकर्म्याने सूर्याला चाकावर धरून तासलं, ही कथा पुराणात आहेच. आख्यानाला तीच लावा. फिरणंही राहील, पुराणही राहील, आणि कीर्तनही तुमच्याच घरात राहील. नाहीतर पुढल्या वर्षी दुसरे बुवा.

सापही मरेल नि काठीही मोडणार नाही, असंच मला वाटलं. बुवांनी मान डोलावली आणि मला हायसं झालं.

मध्यंतरातला नामघोष थांबला. बुवांनी गळ्यातला हार स्वतःच्या हाताने काढला, आपल्या जागेवर ठेवला आणि ते श्रोत्यांत येऊन उभे राहिले. कीर्तन अर्ध्यावर असताना असं कधी कुणी केलं नव्हतं.

"हार असता तर तुम्हाला मला अडवता आलं नसतं," ते म्हणाले. "आता खुशाल अडवा. चाकावरचं मडकं सगळं एकदम फिरतं, तळ काय नि गळा काय. सूर्याची कंबर पुढे धावते, डोकं मागे राहतं. तो कुणाच्या चाकावर नाही, आपला आपण फिरतो. आणि देवाचा मान राखायला मी देवळात खोटं बोलणार नाही."

पंत उठले, त्यांच्यामागे मंडप उठला. दरवर्षी याच बुवांच्या पायांवर डोकं ठेवणारी ती माणसं, पण एकाने वळून पाहिलं नाही. मला बुवांचाही राग आला. एवढा हट्ट कशासाठी? पण त्या पाठी पाहिल्या आणि माझे हात मृदंगावर पडले. रिकाम्या मंडपात बुवांनी आख्यान पुरं केलं. आरती आम्ही दोघांनीच म्हटली.

देऊळ सुटलं ते सुटलंच. पुढल्या रथसप्तमीला लालबागच्या एका चाळीतल्या गिरणीकामगारांनी बुवांना अंगणात उभं केलं. रीतीप्रमाणे मध्यंतरात एकजण हार घेऊन आला. बुवांनी त्याचा हात धरला आणि म्हणाले, "आधी सगळं ऐका. मग घालावासा वाटला तर घाला."