शिबिराच्या दारात फोन खिशात

तुम्ही शेवटची मदत केलीत तेव्हा फोटो कुणाचा काढलात?

हा प्रश्न मी पहिल्यांदा विचारला तो पत्रकातून. आमचं घर भवानी पेठेत, पुढच्या खोलीत वडिलांचा छोटा छापखाना. यंत्रमाग कामगारांच्या मागण्या, सभा, निषेध अशा पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून मी अक्षरं शिकले. त्यामुळे राग आला की मला आधी कागदच सुचतो.

राग होता आमच्या भागातल्या सेवा क्लबवर. क्लब वाईट नव्हता, हीच तर अडचण. काही सूतव्यापारी, एक शिक्षक आणि एक कंपाउंडर यांनी तो औषधाच्या दुकानामागच्या खोलीत सुरू केला. रक्तदान, शाळेला पाण्याची टाकी, आजाऱ्यांना वापरायला चाकाच्या खुर्च्या आणि दरवर्षी मोतीबिंदूचं मोफत शिबिर. पेठेतली कितीतरी म्हातारी माणसं त्या शिबिरामुळे पुन्हा बघू लागली. पण अलीकडे एक रीत पडली होती. ऑपरेशन झालेल्यांना डोळ्यावर हिरवी पट्टी असतानाच बॅनरखाली ओळीनं बसवायचं, मागं पदाधिकारी उभे राहायचे आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो: ‘गरजूंना दृष्टिदान’.

शेजारच्या अक्काच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. टॉवेलच्या कडा शिवून तिनं घर चालवलं. सुई बोटात घुसायला लागली तसं तिनं मशीन झाकून ठेवलं. मी शिबिराचा फॉर्म नेला, तो तिनं परत केला.

“मागल्या साली माझ्या जावेचा फोटो आला की पेपरात. तिचे व्याही तो पेपर घेऊनच घरी आले. ‘आम्हाला सांगितलं असतं तर आम्ही केलं नसतं का?’ म्हणाले. ती अजून मान वर करत नाही. मला आंधळी राहू दे, पण गरजू म्हणून छापायला नको.”

मी त्याच दिवशी पत्रक लिहिलं. ‘आमच्या गल्लीतली टॉवेल शिवणारी विधवा डोळे गमावते आहे, कारण तुमच्या बॅनरला चेहरे हवेत!’ शुक्रवार पेठेपर्यंत वाटलं. छाती फुगली होती.

दुसऱ्या दिवशी अक्का भिंत चाचपत आमच्या दारात आली.

“काय गं पत्रकवाली, आपल्या गल्लीत टॉवेल शिवणाऱ्या विधवा किती?”

“एकच,” मी म्हणाले.

“त्यांनी फोटो छापला, तू बिनफोटोची छापलीस. फरक काय?”

वडिलांनी मान वर न करता उरलेला गठ्ठा माझ्याकडे सरकवला. मी तो फाडला. क्लबच्या बैठकीला गेले ती रिकाम्या हातांनी.

“या ताई!” अध्यक्ष म्हणाले. ते सुताचे व्यापारी. “चहा द्या रे यांना, नाहीतर त्यावरही पत्रक निघायचं.”

सगळे हसले. मी म्हणाले, “शिबिर चालूच ठेवा. फोटो बंद करा. एक बाई आंधळी होतेय आणि तुमच्या फोटोला भिऊन घरात बसलीय.”

“काम दिसलं नाही तर पुढच्या वर्षी देणार कोण?”

तेव्हा कोपऱ्यातले निवृत्त शिक्षक उठले. संस्थापकांपैकी तेवढेच उरले होते. त्यांनी कपाटातून जुना अल्बम काढून अध्यक्षांपुढे ठेवला.

“यात पेशंट दाखवा.”

अध्यक्ष पानं उलटू लागले. सतरंज्या अंथरणारे, पाण्याचे हंडे उचलणारे, पत्रावळ्या मांडणारे. पेशंट एकही नव्हता. एका पानावर अध्यक्ष थांबले. बाह्या सारून परातीत भाकरीचं पीठ मळणारा माणूस त्यांचे वडील होते.

“पेशंट आपला पाहुणा,” सर म्हणाले. “पाहुण्याला वाढताना आपण फोटो काढतो का?”

अध्यक्षांनी अल्बम मिटला नाही. तसाच उघडा ठेवून म्हणाले, “बॅनर नको. फोटो कामाचा, पेशंटचा नाही. कबूल असेल त्यांनी हात वर करा.”

सगळे हात वर गेले! मी अक्काकडे धावत गेले.

“लिहून दिलंय का त्यांनी?”

“नाही. दारात मी उभी राहणार आहे.”

मी उभी राहिले. प्रत्येक फोन खिशात गेला. अक्का आली, तपासणी झाली, आधी एक डोळा, काही महिन्यांनी दुसरा. चष्मा आला त्या दिवशी तिनं मशीनवरचं कापड ओढून काढलं, सुईत दोरा ओवला आणि गल्लीभर ओरडली, “एकदाच ओवला गं! एकदाच!”

पुढच्या शिबिराला दारात तीच होती. एका देणगीदारानं फोन उचलला. “ए दादा, खिशात ठेव. हितं माणसं बघायला आलीत, दाखवायला नाही.” त्यानं मुकाट्यानं ठेवला. त्या वर्षीच्या अल्बममध्ये अक्का पहिल्या ओळीत आहे, हातात आमटीचा डाव घेऊन. तो फोटो काढा म्हणून तिनंच सांगितलं.

हे लिहून झाल्यावर मी तिच्याकडे नेलं. चष्मा लावून तिनं स्वतः वाचलं, एक ओळ खोडली आणि म्हणाली, “आता छाप.” ती ओळ इथे नाही.

आता तुमचा फोन काढा. तुम्ही दिलेलं घोंगडं, वही, जेवण हातात धरून खाली बघणारं कुणी त्यात असेल, तर तो फोटो आत्ता पुसा.