परत मागितलेली ओटी

आमच्या घरी एखाद्या बाईची ओटी भरली जात असली, की मी वर्तमानपत्र खाली ठेवून बघत बसतो. बायको हसते. म्हणते, "निवृत्त झालात, पण डोळे अजून ड्युटीवरच." त्या वेळी मला कोणती केस आठवते, हे तिला चांगलं ठाऊक आहे.

तेव्हा मी लालबाग-परळ भागातल्या एका पोलीस ठाण्यात गुन्हे निरीक्षक होतो. सकाळची हजेरी चालू असताना ठाणे अंमलदाराच्या टेबलावरचा फोन वाजला. बाईचा आवाज होता, दबका आणि घाईचा. काळाचौकीतली एक चाळ, दुसरा मजला, रुग्णालयातून आया म्हणून निवृत्त झालेल्या एका बाईचं घर. "तिच्या देव्हाऱ्यात लाल खणाची ओटी आहे. त्यात खवले मांजराचे खवले आहेत," एवढं बोलून फोन बंद झाला.

खबर देणाऱ्यांबद्दल माझं मत आधीपासूनच बरं नव्हतं. निम्म्या खबरी नळावरच्या भांडणातून येतात आणि उरलेल्या जागेच्या वादातून. पण नळावर भांडणारी बाई फार तर शेजारीण दारू विकते म्हणून कळवेल. खवले मांजर तिच्या डोक्यात कुठून येणार? शिवाय ही बाई नेमकी देव्हाऱ्यावर बोट ठेवत होती. म्हणजे ती वस्तू तिथे आहे हे तिला माहीत होतं, आणि मला पहिला संशय आला तो फोन करणाऱ्या बाईचाच.

खवले मांजर हा आपल्या कोकणातला आणि घाटातला लाजराबुजरा प्राणी. मुंग्या खातो, कोणाच्या वाटेला जात नाही, घाबरला की अंगाचं वेटोळं करून पडून राहतो. त्याच्या अंगावरच्या खवल्यांना परदेशात औषध म्हणून मागणी असते आणि त्यापायी त्याची शिकार होते. गुन्हा गंभीर, जामीन अवघड. वन विभागाला कळवून त्यांचे एक अधिकारी बोलावून घेतले, दोन पंच घेतले, महिला हवालदार बरोबर घेतली आणि आम्ही चाळीत गेलो.

दार उघडणाऱ्या बाई साठीच्या पुढच्या होत्या. कपाळ मोकळं, हातात काचेची बांगडी नाही. चाळीत सगळे त्यांना मावशी म्हणत, म्हणून आम्हीही मावशीच म्हणू लागलो. झडती घ्यायची आहे म्हटल्यावर त्यांनी वाट दिली, पण देव्हाऱ्याकडे वळल्यावर आडव्या झाल्या.

"आधी हात धुवा. मगे काय ता करा."

आम्ही हात धुतले. देव्हाऱ्यात देवीच्या तसबिरीपुढे लाल खणाचं गाठोडं होतं. त्याला गाठ नव्हती, ते चारी बाजूंनी बारीक टाके घालून शिवलेलं होतं. हवालदार बाईंनी पंचांसमोर टाके उसवले. वर नारळ, खाली तांदूळ आणि तांदळाखाली तळहातात मावतील असे तपकिरी, जाड खवले. वन अधिकाऱ्यांनी एक उचलून उजेडात धरला आणि मान हलवली.

"ह्या काय?" मावशींनी विचारलं. "शिंपले?"

खूप माणसं खूप छान अभिनय करतात, हे नोकरीने मला शिकवलं होतं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. ओटी कोणी दिली, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "देवीन दिली." कुठल्या देवीनं? "रानातल्या." त्यापुढे एक शब्द नाही. खोटं बोलणारा माणूस सहसा भरपूर बोलतो. गप्प बसणारा कोणाला तरी पाठीशी घालत असतो. मावशींना काहीतरी माहीत आहे, याची माझी खात्री झाली.

वन अधिकाऱ्यांचं म्हणणं होतं, माल त्यांच्या घरात सापडला, त्यांनाच अटक करा. कायद्याने ते चूक नव्हतं. मी मुद्देमाल सील केला, पंचनामा केला आणि अटक थांबवून धरली. दारात निम्मी चाळ जमली होती. आजवर ज्यांच्या दुखण्याखुपण्याला मावशी धावून गेल्या होत्या, तीच माणसं आता एकमेकांच्या कानाशी लागत होती. मावशींनी ते पाहिलं आणि पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला.

निघताना खिळ्यावर टांगलेली हिरवी टोपी मला दिसली. टोपीवर एका सहल कंपनीचं नाव आणि धनेश पक्ष्याचं चित्र होतं. बाजूला फोटो: घनदाट जंगल, मध्ये पंधरा-वीस माणसं, सगळ्यांच्या डोक्यावर तीच टोपी. आणि फोटोतल्या प्रत्येक बाईच्या हातात लाल गाठोडं. मी तो फोटो माझ्या मोबाईलमध्ये टिपून घेतला.

फोन कुठून आला होता, ते शोधायला वेळ लागला नाही. मोबाईल दादरच्या एका गृहस्थांच्या नावावर होता आणि त्यांची पत्नी त्याच फोटोत पुढच्या रांगेत उभी होती. आम्ही साध्या कपड्यांत त्यांच्या घरी गेलो. बाई सुशिक्षित, बोलायला चोख. आधी "कोणता फोन?" झालं. मी फोटो पुढे केला तेव्हा त्या खुर्चीवर बसल्या.

सहल कर्नाटकातल्या घाटातली होती. जंगल आणि लोकसंस्कृती असं तिचं नाव. भर दुपारी दिवेलागणीसारखा अंधार पडणारं सदाहरित रान, पायाला जळवा लागू नयेत म्हणून गुडघ्यापर्यंतचे मोजे, झाडाच्या ढोलीत मादीला कोंडून तिला चोचीने भरवणारा धनेश, संध्याकाळी गावकऱ्यांचं सोंगाचं नाटक आणि केळीच्या पानावर जेवण. कंपनीने नेमलेला वाटाड्या मुलगा हुशार आणि गोड बोलणारा होता. पुढे कळलं, कंपनीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्या मुलाने खवले मांजरावरही छान माहिती सांगितली होती. किती गरीब जीव, कसा नाहीसा होत चाललाय, वगैरे.

"शेवटच्या दिवशी देवराईत नेलं," बाई सांगत होत्या. "तिथल्या देवीपुढे त्याने सगळ्या बायकांच्या ओट्या भरल्या. म्हणाला, इथे देवीच्या वतीने पुरुषही ओटी भरतो, ही रानदेवीची ओटी, उघडायची नाही, मांडीवर धरून न्यायची. मुंबईत स्नेहमेळाव्याला सगळ्यांनी परत आणायची, मग आपण समुद्रात सोडू."

"आणि तुम्ही उघडलीत."

"अहो, ओटीचा नारळ किती दिवस ठेवणार? कुजला असता. म्हटलं, वड्या करू." त्यांचा आवाज खाली आला. "ते बघितलं आणि ह्यांना हाक मारली. ह्यांनी रात्रीच नेऊन चौपाटीवर टाकून दिलं."

"मग स्वतःचं न सांगता मावशींचं नाव का कळवलंत?"

"कारण त्याने तिचीसुद्धा ओटी भरली हो! विधवेची. असं कोणी करतं का? सगळ्या सहलीत तिची पिशवी काय उचलत होता, हात धरून ओढा काय पार करून देत होता. मला तेव्हाच वाटलं, या दोघांचं काहीतरी साटंलोटं आहे. ओटी देव्हाऱ्यात ठेवल्याचं तिनेच फोनवर सांगितलं होतं, पत्ता सहलीच्या यादीत होता."

मला त्यांचा राग आला. पण खरं सांगायचं तर मावशींचं मोकळं कपाळ आणि देव्हाऱ्यातली ओटी एकत्र पाहिल्यावर माझ्याही मनात पाल चुकचुकली होतीच.

मेळावा येत्या रविवारी होता. वाटाड्याने सगळ्यांना मोबाईलवर कळवलंही होतं, देवीच्या ओट्या आठवणीने आणा. त्याला आत्ताच उचलला असता तर तो हात वर करून मोकळा झाला असता. ओट्या बायकांच्या घरात, त्याच्या घरात काही नाही. माल त्याने स्वतःहून हातात घेतला पाहिजे आणि तो कोणाकडे नेतो तेही कळलं पाहिजे. पण मावशींनी त्याला एक फोन केला असता तर सगळं मुसळ केरात. मग माल सापडलेल्या एकट्या मावशीच उरल्या असत्या, आणि आरोपपत्रात पहिलं नाव त्यांचं आलं असतं.

दुसऱ्या दिवशी हवालदार बाईंना घेऊन मी पुन्हा चाळीत गेलो. बाईमाणसाची चौकशी तिच्या घरीच करायची असते. मावशींनी चहा ठेवला, पण आमच्याकडे पाहिलं नाही.

"मावशी, त्या मुलाला फोन केलात?"

"केलंय नाय." मग चहात साखर घालत, "काय सांगतलंय असतंय?"

"त्याला वाचवताय तुम्ही. त्याने तुम्हाला या घोटाळ्यात ओढलंय, आणि तुम्ही त्यालाच वाचवताय."

"तो असा करूचो नाय, सायबानु." त्यांनी कप खाली ठेवला. "आमचे हे गेल्यापासना माका कोणी हळदीकुंकवाक बोलवलेला नाय. सुनेच्या डोहाळजेवणात मी भिंतीक टेकान बसलंय. त्या रानात सगळ्या बायका पदर पसरून उभ्या, मी मागे सरलंय. तर तो हाक मारून म्हणता, मावशी, देवीच्या घरात सवाष्ण-विधवा काय नसता, पुढे या. माझी ओटी भरल्यान तेणी. माझो पोटचो झील पण असा बोललो नसतो."

हवालदार बाई खिडकीबाहेर बघू लागल्या. मावशींच्या आयुष्यातली एवढी एक चांगली गोष्ट खोटी होती, हे त्यांना पटवून देण्याचं काम माझ्याकडे आलं होतं. मला ते काम अजिबात आवडलं नाही.

मग मला आमचं नायगावच्या पोलीस वसाहतीतलं घर आठवलं. बायको हळदीकुंकवाहून आली, की ओटीचा नारळ दुसऱ्या दिवशी आमटीत नाहीतर चटणीत असायचा. तो परत मागायला आजवर दारात कोणी आलं नव्हतं.

"मावशी, तुम्ही सवाष्ण होतात तेव्हा तुमची ओटी कितीदा भरली असेल?"

"किती म्हणान सांगू?"

"त्यातली एखादी तरी कोणी परत मागितली होती का?"

मावशी देव्हाऱ्याकडे बघत राहिल्या. तिथे आता फक्त तसबीर होती. स्टोव्हवरचा चहा उतू गेला तरी त्या उठल्या नाहीत, हवालदार बाईंनीच जाऊन स्टोव्ह बंद केला.

"पदरात घातलेला कोण परत मागता?" त्या हळूच म्हणाल्या. पुन्हा एकदा तेच म्हणाल्या, जरा मोठ्याने. मग डोळे पुसून मला विचारलं, "माका काय करूचा लागात, ता सांगा."

वन विभागाच्या देखरेखीखाली ओटी पुन्हा होती तशी शिवली. रविवारी दादरच्या हॉलमध्ये मी मावशींचा भाचा म्हणून गेलो. बटाटेवडे होते, पडद्यावर जंगलाचे फोटो चालले होते, बेडकांचे आवाज ऐकून लोक टाळ्या वाजवत होते. एका टेबलावर लाल ओट्यांचा ढीग होत होता आणि तो मुलगा प्रत्येक ओटी घेताना टाक्यांवरून अंगठा फिरवत होता. दादरच्या बाई आल्या नव्हत्या. ताप आल्याचं त्यांनी आमच्या सांगण्यावरूनच कळवलं होतं.

मावशींना बघताच त्याने वाकून नमस्कार केला. "मावशी, उघडली नाहीत ना?"

"तू नको म्हणालंस ना." त्यांनी ओटी दिली, पण हात लगेच काढला नाही. "माझी ओटी तू मनापासना भरलंस मां रे?"

"असं काय विचारता, मावशी!" तो हसला आणि ओटी ढिगावर ठेवून पुढच्या बाईकडे वळला.

ओट्या गाडीत भरून तो निघाला. चौपाटीकडे न वळता गाडी भायखळ्याच्या एका गोदामासमोर थांबली. माल घेणारा माणूस दारातच उभा होता. आमच्या पथकाने दोघांना तिथेच पकडलं.

चौकशीत वाटाड्याने सगळं कबूल केलं. घाटातल्या नाक्यांवर वनरक्षक गाडीच्या डिकीपासून ड्रायव्हरच्या सीटखालपर्यंत सगळं तपासतात. पण बायकांच्या मांडीवरच्या ओटीला कोण हात लावणार? त्याचा हिशेब बरोबर होता. मी नाक्यावर असतो तर मीही लावला नसता. शेवटी, कागदावर घ्यायचा नव्हता असा एक प्रश्न मी विचारला. मावशींचीच ओटी का भरली?

"एक ओटी उरली होती, साहेब. कोणाच्या तरी हातात द्यायलाच हवी होती."

वन अधिकाऱ्यांनीच पुढे होऊन मावशींचं नाव साक्षीदारांत घातलं. दंडाधिकाऱ्यांसमोर त्या न अडखळता बोलल्या. बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारलं, "तेका विचारलास? माझ्याबद्दल काय बोललो?" मी म्हटलं, तपासाच्या कागदांत तसं काही नाही. ते खरंच होतं. मावशींनी मान हलवली आणि पुन्हा कधी विचारलं नाही.

संशय घेणं हा आमचा धंदा. नव्या मुलांना मी तेच शिकवत आलो, की रीत जिथे मोडलेली दिसेल तिथे थांबा आणि बघा. या केसमध्ये सगळ्यांनी तेच केलं. दादरच्या बाईंनी केलं, चाळीने केलं, मीही केलं. विधवेच्या पदरात ओटी दिसली आणि सगळे तिथेच अडकलो. भरलेली ओटी परत मागणारा मात्र जाहीरपणे सगळ्यांना निरोप धाडत होता, आणि ते कोणाला खटकलं नाही. त्यानंतर कुठल्याही तपासात, मला एखादी गोष्ट का खुपतेय, हे मी आधी स्वतःला विचारू लागलो.

संक्रांतीला बायकोने वसाहतीतल्या घरी हळदीकुंकू केलं. मी तिला सगळी हकिकत सांगितली होती. तिने मावशींना बोलावणं पाठवलं आणि मला आश्चर्य वाटलं, त्या आल्या. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या. बायको तांदूळ, नारळ आणि खण घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिली तेव्हा खोलीतल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मावशी उठल्या. पदर थोडासा पुढे केला आणि तसाच धरून त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं.

"सायबानु," त्या म्हणाल्या, "ही परत मागूक येणार नाय मां?"