वाळूवरच्या उभ्या रेघा

सरळ माणूस म्हणून ज्याची ख्याती होते, त्याच्या सरळपणाची कसोटी बहुधा इतरांशी वागतानाच लागलेली असते. त्याहून एक अवघड कसोटी आहे. आपल्याच हातून पूर्ण झालेल्या आणि चारचौघांनी वाखाणलेल्या कामाकडे पुन्हा कोऱ्या दृष्टीने पाहणे, व खोट दिसताच ती स्वमुखाने सांगणे. या ऋजुतेला धैर्य लागतेच. शिवाय आपण ते काम पुन्हा उभे करू, हा प्रगाढ आत्मविश्वासही लागतो.

नगररचना कार्यालयात चौतीस वर्षे नकाशे काढणाऱ्या एका बाईंच्या ठायी हे दोन्ही होते. गाव त्यांना रेघबाई म्हणे. समुद्रकाठच्या त्या गावाचा निम्मा संसार पाहुण्यांवर चाले, निम्मा मासळीवर. आणि दोघांनाही हवी असे ती एकच वाळूची पट्टी. हॉटेलांना आरामखुर्च्या मांडायला, जाळीवाल्यांना जाळी वाळवायला.

रेघबाईंची एक रीत होती. वादातली जागा मोजताना फितीचे एक टोक एका पक्षाच्या हाती, दुसरे टोक दुसऱ्याच्या. स्वतः त्या मधे उभ्या राहून आकडा वाचत. "ज्यानं फीत धरली, तो आकड्यावर रुसत नाही," असे त्या म्हणत.

किनाऱ्याचा नवा आराखडा करताना मात्र ही रीत मोडली. हंगाम सरलेला, हॉटेले बंद, जाळीवाले दूरच्या पाण्यात गेलेले. बाईंनी कार्यालयातल्या शिपायाच्या हाती टोक दिले. वाळू चाळीस मीटर रुंद भरली. किनाऱ्याला समांतर एक रेघ ओढून वरचे वीस त्यांनी खुर्च्यांना दिले आणि पाण्यालगतचे वीस जाळ्यांना. मोठ्या साहेबांनी नकाशाची तोंड भरून स्तुती केली. गुरुवारी जाहीर सुनावणी व्हायची होती; तीत शिक्का बसला की पंधरा वर्षे बदल नाही.

सुनावणीला चार दिवस उरले असताना बोटी परतल्या. पाहुण्यांचाही हंगाम लागला, आणि त्याच सुमारास दरवर्षीप्रमाणे समुद्र वर सरकला. जाळी विणणारी म्हातारी कार्यालयात आली आणि निथळते जाळे तिने बाईंच्या टेबलावर ठेवले.

"बाई, हे तुमच्या कागदावरच वाळत घालू का?"

"का हो आजी, काय झालं?"

"आम्हाला दिलेल्या जागेत मासे पोहतायत! येऊन बघा."

बाई तशाच उठल्या आणि किनाऱ्यावर गेल्या. जाळ्यांचे वीस मीटर पाण्याखाली होते. उरलेल्या कोरड्या वाळूवर, शिक्क्याचीही वाट न पाहता, नकाशाबरहुकूम खुर्च्यांच्या रांगा लागल्या होत्या. त्या खुर्च्या त्यांच्या धाकट्या दिरांच्या हॉटेलच्या.

"वहिनी, शाई वाळली आता," दीर हसत म्हणाले. "चाळीसच्या चाळीस तुम्हीच मोजलेत ना?"

"मोजले भाऊजी. पण समुद्राला विचारायचं राहिलं."

"साहेबांसमोर चूक कबूल करणार? चौतीस वर्षांचं नाव पाण्यात जाईल."

"जाळी कुजली तर या आजींनी कुठं जायचं? आणि नाव कशानं जातं? नकाशा खोटा राहिला तर जाईल. फीत धरा."

दिरांनी नाइलाजाने एक टोक धरले, म्हातारीने दुसरे. हॉटेलच्या कुंपणापासून पाण्याकडे जाता जाता दीर वाकताना धापा टाकू लागले.

"आजी, किती ओढताय! हे जाळं नाही."

"तू ताण की! खुर्च्या मांडून मांडून पोट सुटलंय, वाकवत नाही तुला."

बाईही हसल्या, आणि हसता हसता थबकल्या. दोघांच्या मधे ताणलेली फीत कुंपणापासून पाण्याकडे उतरत होती, नकाशातल्या आडव्या रेघेला काटकोनात. आता त्यांनी रेघच फितीच्या दिशेने वळवली. कुंपणापासून थेट पाण्यात उतरणाऱ्या उभ्या रेघा! एक पट्टा खुर्च्यांचा, शेजारचा जाळ्यांचा, पुन्हा खुर्च्यांचा. समुद्र वर आला तर दोघांचेही सारखेच घेईल. मागे सरला तर दोघांनाही सारखेच देईल.

गुरुवारी भरल्या सभागृहात बाई उभ्या राहिल्या. "या नकाशातली चूक माझी आहे. पाणी मागे असताना मोजलं, आणि ज्यांची जागा होती त्यांच्या हाती फीत दिली नाही." मग त्यांनी नवा नकाशा फळ्यावर लावला.

साहेबांच्या कपाळावर आठी पडली. "हे हॉटेलवाल्यांना मान्य आहे?"

सगळ्यांच्या नजरा दिरांकडे वळल्या. त्यांनी घसा खाकरला. "मोजताना टोक मीच धरलं होतं. आता कुठल्या तोंडानं नाही म्हणू?"

मागून म्हातारीचा आवाज आला, "तोंडानं नाही, पोटानं म्हण!" हशा ओसरल्यावर शिक्का बसला, तो नव्या नकाशावर.

पुढे बाई सन्मानाने निवृत्त झाल्या, आणि नऊ वर्षांपूर्वी गेल्या. त्या गुरुवारानंतर आजवर आराखडा दोनदा नव्याने झाला. वाळूवरच्या रेघा उभ्याच राहिल्या. दरवर्षी हंगामाच्या आरंभी खुंट्या पुन्हा ठोकल्या जातात. तेव्हा फितीचे एक टोक हॉटेलवाला धरतो आणि दुसरे जाळीवाली.