इंग्रजी सुधारून परत पाठवा

लातूरच्या क्लासमध्ये शंका इंग्रजीतच विचारायची, असा नियम होता. मी उठले. फळ्यावरचं गणित चुकलं होतं, अधिकच्या जागी वजा पडलं होतं. जमेल तशा इंग्रजीत सांगितलं. सरांनी माझं वाक्य फळ्यावर लिहिलं, लाल खडूनं चुकांभोवती गोल काढले आणि अख्ख्या हॉलला वाचून दाखवलं. पोरं खिदळली. मग सर म्हणाले, "भूकंपग्रस्ताच्या दाखल्यावर सीट मिळंल. इंग्रजी कोण देणार?"

आमचं गाव भूकंपात गेलं. माझी थोरली बहीण त्यात गेली, मी नंतर जन्मले. त्या दाखल्याची किंमत आमच्या घरानं काय मोजली, ते त्या माणसाला काय ठाऊक? मी खाली बसले. गणित तसंच चुकीचं राहिलं आणि सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. मीसुद्धा.

राग यायला पाहिजे होता त्या माणसाचा. आला माझ्याच तोंडाचा. मग हात धुऊन इंग्रजीच्या मागं लागले. शिकले. लई चांगलं शिकले. पण त्याबरोबर हेही शिकले, की ज्याच्या हातात लाल खडू तो शहाणा. हे कुणी शिकवलं नव्हतं, मीच उचललं.

आता नांदेडला राहते, घरूनच सॉफ्टवेअरचं काम करते. शिवाय एका ओपन सोर्स प्रकल्पात आहे. लहान दवाखान्यांनी पेशंटच्या नोंदी ठेवायचं फुकट सॉफ्टवेअर. त्याचा कोड कुणीही उघडून वाचावा, दुरुस्ती सुचवावी. आमच्यातल्या कुणी तपासून पास केली की ती सगळ्यांना लागू. वापरायच्या सूचना इंग्रजीत. त्यांचं इंग्रजी सुधारायचं आणि येणाऱ्या दुरुस्त्या तपासायच्या, हे माझ्याकडं होतं. लोक म्हणायचे, काय स्वच्छ इंग्रजी आहे हिचं. नावाखाली मी गाव लिहिलं होतं पुणे. लातूर लिहायला हात धजला नव्हता.

शबानाची दुरुस्ती आली ती अर्जासारखी. आदरणीय महोदया, विषय, संदर्भ, मी देगलूरची, नांदेडला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, ही दुरुस्ती पास झाली तर नोकरीच्या मुलाखतीत दाखवायला काहीतरी होईल, तरी कृपा करावी. सगळं इंग्रजीत, मोडकंतोडकं. खरा मुद्दा पार तळाला, 'आपली आज्ञाधारक'च्या वर. आमच्याकडं शाळेपासून असंच शिकवतात, मागायचं असलं की आधी वाकायचं.

मुख्य तपासनीस बेंगळुरूचा, मोठ्या शाळेत शिकलेला. त्यानं खाली हसरा चेहरा टाकला. मला वाटलं, हिच्या इंग्रजीतून माझं लातूर बाहेर पडतंय. तळापर्यंत गेलेच नाही. लिहिलं, "इंग्रजी सुधारून परत पाठवा."

तिनं पाठवलं. वर लिहिलं होतं, सॉरी मॅडम. मी परत लावलं. तिनं परत पाठवलं. मी परत लावलं. मग ती यायची बंद झाली आणि मला, खरं सांगते, सुटल्यासारखं झालं.

थोड्या दिवसांनी एका खेड्यातल्या दवाखान्यातून तक्रार आली. आमच्या सूचना जशाच्या तशा पाळून त्यांनी नवीन आवृत्ती चढवली होती, जुन्या पेशंटच्या नोंदी पुसून गेल्या. कुणाला कोणती गोळी सोसत नाही, तेही गेलं. मला शबाना आठवली, तिची दुरुस्ती याच सूचनांवरची होती. तिचा अर्ज काढून पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला. तिथं होतं, सूचनांचा क्रम उलटा आहे, आधी नोंदींची प्रत काढून ठेवा, नाहीतर सगळं पुसलं जाईल. शेवटच्या खेपेला तर तिनं ते ठळक केलं होतं. मी किती नालायक हाय, हे तेव्हा मला कळलं. सरांनी निदान माझं वाक्य पुरतं ऐकलं तरी होतं.

मुख्य तपासनीसाचा निरोप आला. "तू नीट लिहून टाक, तुझ्याच नावानं. तिचं ते निवेदन कुठं दाखवत बसायचं?"

लिहायला बसलेही होते. सोपं होतं. कुणाला पत्ता लागला नसता. पण माझं नाव टाकायची वेळ आली आणि स्वतःची शिसारी आली. मी लिहिलं, नाही. सगळ्यांना दिसेल असं लिहिलं, की ही चूक शबानानं धरली होती, मी न वाचता परत लावली, तिची दुरुस्ती तिच्याच नावानं आणि तिच्याच शब्दांत जाईल. नावाखालचं पुणे खोडून लातूर केलं.

तो म्हणाला, इतकं भावनिक व्हायची गरज नाही. त्यानं दुरुस्ती पास केली, पण तपासायचा माझा अधिकार काढून घेतला. घेऊ दे.

अर्जाखाली मोबाईल नंबर होता. फोन लावला. मराठीतच बोलले.

"मॅडम, तुम्ही इकडच्याच हायेत का?"

"हाव. लातूरची."

 ती म्हणाली, "मग तर तुम्हाला कळायला पाहिजे होतं."

मी दुरुस्ती पास झाली एवढं सांगितलं. म्हणाली, "बरं. पण मी ते दुरुस्त्या पाठवायचं सोडलं, मॅडम. आता स्पोकन इंग्लिशचा क्लास करून राहिले." आणि फोन ठेवला.

माफी मागायची राहून गेली. मागितली असती आणि तिनं दिली असती, तर मी मोकळी झाले असते. मला मोकळं व्हायचं न्हाई.

तपासायचा अधिकार मी परत मागणार आहे. मागून नाही दिला तर भांडून घेणार. येणाऱ्या दुरुस्तीचं इंग्रजी मीच नीट करीन, तेवढं येतं मला. नाव ज्याचं त्याचं राहील. आणि यापुढं कुणाच्या अर्जाखाली हसरा चेहरा दिसला, तर हसणाऱ्याला तिथंच, सगळ्यांदेखत विचारणार, शेवटपर्यंत वाचलंस का?